फान लाओशींचा सलांक

फान शूवेन आणि हेमांगी सबनीस यांचं भांडण तेहतीस वर्षं चाललं होतं, आणि ते मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

सुरुवात झाली २००८ साली, कुनमिंगमध्ये. हेमांगी तेव्हा पंचवीस वर्षांची होती, पुण्याहून चिनी भाषा शिकायला तिकडे गेली होती. फान तिथल्या एका अभ्याससंस्थेत होते. भारत आणि त्याचे शेजारी हा त्यांचा विषय. त्यांच्या पहिल्याच व्याख्यानात हेमांगीने हात वर केला आणि अडखळत्या चिनीत म्हणाली, "हिंदी महासागरात आम्ही काही केलं की तुम्हाला कट वाटतो. आम्हाला ते आमचं अंगण वाटतं."

सगळ्या वर्गाने माना वळवून तिच्याकडे पाहिलं. फान मात्र खुशीत आले. "अंगणाला कुंपण घालताना शेजाऱ्याला विचारायची तुमच्याकडे पद्धत आहे का?" त्यांनी विचारलं, आणि संध्याकाळी तिला जेवायला घरी घेऊन गेले.

त्या हिवाळ्यात हेमांगीला टायफॉइड झाला. फानांची बायको मेइलान शाळेत भाषा शिकवायची. तिने हेमांगीला वसतिगृहातून उचलून घरी आणलं आणि एकवीस दिवस पातळ भात भरवला. सहा वर्षांच्या यिंगने आपली खोली या परदेशी मावशीला दिली आणि स्वतः सोफ्यावर झोपली. ताप उतरला त्या दिवशी फान खाटेशी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आता बरी झालीस ना? मग त्या अंगणाचं बोलू."

हेमांगी परत आली तरी ते बोलणं संपलं नाही. ती त्यांना फान लाओशी म्हणायची, म्हणजे फान गुरुजी. पत्रं सुरू झाली, आधी कागदावर, मग ईमेलवर. त्यांत यिंगच्या दाढदुखीपासून मेइलानच्या लोणच्यापर्यंत सगळं असे, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच वाद पुढे सरकलेला असे.

२०४१ साली हेमांगी पुण्यात, पाषाणच्या टेकडीखालच्या एका संशोधन केंद्राची प्रमुख होती. चिनी तज्ज्ञ इतर देशांच्या योजनांकडे कसे पाहतात, ते वाचून दिल्लीला सांगायचं, हे तिचं काम. आणि त्या वर्षी सगळ्यांचे डोळे लागले होते सागरसाखळीकडे. भारताच्या पुढाकाराने बंगालच्या उपसागराभोवतालच्या सहा देशांनी बंदरं आणि टेहळणी एकत्र करायची, अशी ती योजना. नऊ वर्षांपूर्वी ती जाहीर झाली होती. आता कोलंबोत तिच्या शेवटच्या मसुद्यावर बोलणी चालली होती, आणि चीनचे निरीक्षक समोर बसले होते.

या योजनेबद्दल तिकडचे तज्ज्ञ मुख्यतः दोन तऱ्हांनी लिहीत. काहींच्या लेखी सागरसाखळी ही अमेरिकेची चाल होती आणि भारत नुसती पुढे सरकवलेली सोंगटी. काही म्हणत, भारत कुणाच्या गोटात फार दिवस टिकत नाही, जरा चुचकारा, जरा थांबा. फान लाओशी दोन्हीकडे नव्हते. भारताला स्वतःचं डोकं आहे असं ते बजावून सांगत, आणि म्हणूनच त्याने घातलेलं कुंपण सर्वांत मजबूत असेल, ते वेळीच मोडलं पाहिजे, असं लिहीत. भारताचा एवढा मान ठेवणारा आणि त्याच्या इतका विरोधात लिहिणारा माणूस तिकडे दुसरा नव्हता.

दिल्लीला मात्र तिसऱ्याच तऱ्हेच्या माणसांत रस होता. शेजारी देश साखळीत येतात ते चीनच्याच दांडगाईमुळे, असं मनात समजणारे पण लिहिताना सरकारी सूर लावणारे तज्ज्ञ तिकडे किती आहेत? हे कळलं तर बोलण्यांत समोरच्याचा पाया किती पोकळ आहे ते कळेल. पण कुणाच्या मनातलं कसं वाचणार?

ते वाचायचं यंत्र हेमांगीच्या केंद्रातल्या निखिलेश दप्तरदारने बनवलं. वय चौतीस, गणितातून भाषेकडे आलेला, बोलताना समोरच्याच्या वाक्यातले शब्द मोजणारा. त्याची कल्पना साधी होती. आपण लिहितो तेव्हा मोठे शब्द विचार करून निवडतो; लहान शब्द मात्र हात आपोआप टाकतो. मराठीत 'च' कुठे लावायचा, 'तर' किती वेळा, वाक्य कुठे तोडायचं, हे कुणी ठरवून करत नाही. प्रत्येक भाषेत असे शब्द असतात, आणि ते प्रत्येक माणसाचे चालीसारखे वेगळे असतात. माणूस मनापासून लिहितो तेव्हा ही चाल सैल असते. जे पटत नाही ते लिहायला लागलं की ती आखडते, बूट चावत असल्यासारखी. आयुष्यभराचं लिखाण यंत्राला दिलं तर हे आखडणं आकड्यात मांडता येतं. निखिलेशने त्याला नाव दिलं सलांक. शून्य म्हणजे मोकळा माणूस. शंभर म्हणजे प्रत्येक शब्द सलतोय.

"फक्त एक अडचण आहे, ताई," तो म्हणाला. "तिकडच्या एका तरी तज्ज्ञाचं खाजगी लिखाण हवं. घरगुती, मोकळं. ते एकदा मिळालं की मोकळं म्हणजे काय हे यंत्राला शिकवता येईल, मग बाकी सगळे मोजता येतील."

हेमांगीकडे चारशे बारा पत्रं होती.

तिने दोन दिवस घेतले. नाव कुठेही येणार नाही, 'तज्ज्ञ क्रमांक सतरा' एवढंच लिहिलं जाईल, असं निखिलेशकडून कबूल करून घेतलं. फानांना विचारावं असं मनात आलं; पण विचारलं तर ते नको म्हणतील हेही तिला ठाऊक होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटचा वाद कापून उरलेला दाढदुखीचा आणि लोणच्याचा मजकूर तिने स्वतःच्या हाताने यंत्राला दिला.

चौसष्ट तज्ज्ञांचा निकाल आला. बहुतेकांचा सलांक वीसच्या आतबाहेर होता. म्हणजे बहुतेकांना खरंच तसं वाटत होतं. दिल्लीला हे आवडणार नव्हतं. नऊ जण साठच्या वर होते. त्यांत सर्वांत वर क्रमांक सतरा. एकाहत्तर.

"हे बघा," निखिलेश पडद्यावरची रेघ दाखवत म्हणाला. "ह्यांचे जुने लेख दहा-बारावर आहेत. मग नऊ वर्षांपूर्वी एकदम उडी. त्या वर्षी काय झालं, ताई?"

हेमांगीला त्या वर्षीचं एक पत्र लख्ख आठवलं. फानांना कंपवात जडला होता. 'आता मी बोलतो आणि मेइलान लिहिते,' त्यांनी कळवलं होतं. 'तिला माझी वाक्यं गबाळी वाटतात, म्हणून ती झाडून पुसून घेते. तुझी पत्रं मात्र मी अजून एका बोटाने लिहितो, त्यामुळे आखूड असतील, राग मानू नकोस.'

म्हणजे यंत्राने एकाच माणसाची दोन मनं पकडली नव्हती. दोन माणसं पकडली होती, नवरा आणि बायको. हे तिला त्या क्षणी कळलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही काहीतरी वर आलं. लाओशींना आतून पटलेलं आहे. तेहतीस वर्षं आपण सांगतोय ते त्यांना कधीच पटलंय, नुसतं लिहिता येत नाही. हा विचार इतका गोड होता, की पहिला त्याच्याखाली बुडून गेला. तिने त्याला बुडू दिलं.

"सागरसाखळी," ती म्हणाली. "त्याच वर्षी जाहीर झाली."

"वा!" निखिलेश म्हणाला. "मग तर चोख जुळलं."

दिल्लीच्या सागरी वाटाघाटी कक्षाचे ओगले दुसऱ्याच आठवड्यात पुण्याला आले. साठीचे, मृदू आवाजाचे गृहस्थ. चहात साखर किती हे विचारल्यावरसुद्धा क्षणभर विचार करून उत्तर देणारे. त्यांनी अहवाल मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हेमांगीबाई, तुम्ही आम्हाला समोरच्या भिंतीतली भेग दाखवलीत." निखिलेशचा शोधनिबंध पद्धतीसकट प्रसिद्ध झाला. जगभरातून अभिनंदनाचे निरोप आले. कोलंबोच्या बैठकीत भारताच्या प्रतिनिधीने हसत हसत सांगितलं, की आमच्या योजनेला कट म्हणणं सोपं आहे, पण तुमच्याच सर्वांत कडक टीकाकाराला ते मनातून पटत नाही, हे आता मोजता येतं.

यंत्राची पद्धत छापलेली होती. ती कुणालाही वापरता येत होती. तिकडच्यांनी आपल्याच तज्ज्ञांवर ती चालवायला तीन आठवडे घेतले, आणि त्यांच्याकडे क्रमांक नव्हते, नावं होती.

यिंगचा फोन सकाळी आला, हेमांगी केंद्रात निघायच्या तयारीत असताना. यिंग आता एकोणचाळीस वर्षांची होती, सिंगापूरच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची. चिनीत मावशीला 'आयी' म्हणतात. लहानपणापासून ती हेमांगीला तशीच हाक मारायची.

"आयी, बाबांना चौकशीला नेलंय. भारताची बाजू मनात धरून इतकी वर्षं संस्थेला फसवलं म्हणतात."

हेमांगी खुर्चीवर बसली.

"आईने सांगितलं की लेख मी उतरवून घेत होते, शब्द माझे आहेत. तर म्हणतात, मग तुम्हीही सामील. तिलाही नेलं. आयी, बाबांनी तुम्हाला लिहिलं होतं ना हातांचं? त्यांची सगळी पत्रं जप्त झालीत, चौकशीवाले म्हणतात असं पत्रच नाही. तुमच्याकडे आहे ना? तारखेसकट?"

"आहे."

"मग ते जाहीर करा. आज करा. चूक झाली म्हणा. बाबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, आयी. तिथे त्यांना कोण लावून देणार?"

हेमांगीने ओगल्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सह्या कधी आहेत ठाऊक आहे ना तुम्हाला?" त्यांनी शेवटी विचारलं. "अकरा दिवसांनी. आज तुम्ही चूक कबूल केलीत तर सहापैकी दोन देश टेबलावरून उठतील. भारताने खोटं यंत्र आणून दबाव टाकला म्हणतील. मग कसली साखळी नि कसलं काय."

"तिकडे एक म्हातारा माणूस आहे, ओगलेसाहेब."

"आहे ना. मला वाईट वाटतंय. पण मी तुम्हाला बोलू नका कुठे म्हणतोय? अकरा दिवसांनी बोला, एवढंच म्हणतोय." मग ते म्हणाले, "आणि एक विचारू? हे पत्र तुमच्याकडे नऊ वर्षं होतं. निकाल आला त्या दिवशी आठवलं नाही का?"

उत्तराची वाट न पाहता ओगल्यांनी फोन ठेवला.

ती अकरा दिवस थांबली. सहा देशांचा प्रश्न आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. चौकश्या महिनोन्महिने चालतात, अकरा दिवसांत काय व्हायचंय, हेही सांगितलं. यिंगचे फोन येत राहिले. पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी चार. सातव्या दिवसानंतर ते बंद झाले.

सह्या झाल्या त्या दुपारी हेमांगीने निवेदन लिहायला घेतलं. निखिलेश समोर बसला होता. फानांचं पत्र त्याने नुकतंच वाचलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"आठवलं नाही," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

निवेदन दोन पानांचं होतं, पण ती दोन पानं जुळायला तिला नऊ खर्डे लागले. प्रत्येक वाक्यात एक जागा अशी येई, जिथे तिला वळसा घालावा लागे. पत्र माझ्याकडे होतं, हे लिहायचं. ते मला आठवलं होतं, हे लिहायचं नाही. निष्कर्ष चुकीचा होता, हे लिहायचं; अकरा दिवसांचं लिहायचं नाही. शेवटी तिने सही केली आणि फानांचं पत्र जोडून ते सगळीकडे पाठवलं.

चार तासांत एका वृत्तवाहिनीने ते निवेदन निखिलेशच्याच यंत्रातून काढलं. हेमांगीचे तीस वर्षांचे लेख तुलनेला होतेच. आकडा आला चौऱ्याऐंशी. रात्रीच्या बातम्यांआधीच मथळा सगळीकडे फिरला: संशोधक दबावाखाली, माघार मनापासून नाही.

"पण पत्र खरं आहे!" हेमांगी ओरडली. "प्रत्येक शब्द खरा आहे त्यातला!"

"शब्द खरेच असतील, ताई," निखिलेश म्हणाला. तो जमिनीकडे पाहत होता. "यंत्र खोटं पकडत नाही. लिहिणाऱ्याच्या मनावर ओझं आहे की नाही, एवढंच पकडतं. हे मी निबंधात तळटीप म्हणून लिहिलं होतं. कुणी वाचलं नाही."

तिकडे त्याचा अर्थ सरळ लावला गेला. तज्ज्ञ क्रमांक सतराला वाचवायला भारतातली एक बाई स्वतःचं नाव पणाला लावते आहे, आणि तेही खोटं बोलून. मग तो कुणाचा माणूस, हे आणखी कोणी सांगायला हवं? जोडलेलं पत्र बनावट ठरवण्यात आलं. फानांच्या नावाभोवती जी थोडीफार शंका उरली होती, ती हेमांगीच्या निवेदनाने संपवली.

निखिलेशने महिन्याभरात नोकरी सोडली. यंत्र केंद्राकडेच राहिलं; नंतर ओगल्यांच्या कक्षाने ते दिल्लीला नेलं, आणि असं ऐकू आलं की आता ते पहिल्यांदा आपल्याच लोकांवर चालवून पाहतात. हेमांगीचे दोन लेख कारण न देता परत आले.

आठ महिन्यांनी तिने सिंगापूरचं तिकीट काढलं. यिंगने भेटायला नाही म्हटलं नाही. इस्पितळाच्या उपाहारगृहात, जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास, असं कळवलं.

यिंग पांढरा कोट घालूनच आली. तिने हेमांगीला हाक मारली नाही, नमस्कार केला नाही. समोर बसली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"आई गेली," ती म्हणाली. "फेब्रुवारीत. न्यूमोनिया. बाबा दुसऱ्या गावात होते, त्यांना तीन आठवड्यांनी कळवलं."

हेमांगीने टेबलावरून हात पुढे केला. यिंगने आपला हात मांडीवर घेतला.

"मी रडायला आले नाही. बाबांनी एक निरोप दिलाय. महिन्यातून एक फोन असतो, दहा मिनिटांचा. त्यातली चार मिनिटं त्यांनी ह्यात घालवली, म्हणून सांगते."

"ते कसे आहेत?"

"सांगते ना." यिंग हळू, सरळ आवाजात बोलत होती, प्रयोगशाळेतला अहवाल वाचावा तशी. "चौकशीत त्यांना म्हणाले, सागरसाखळीबद्दल तुमचं खरं मत लिहा. स्वतःच्या हाताने. बाबांनी लिहिलं. जे त्यांना नेहमीच वाटत आलंय तेच लिहिलं, की हे कुंपण आहे आणि ते मोडलं पाहिजे. हात कापत होते, घाबरलेले होते. यंत्राने आकडा दिला एकोणऐंशी. म्हणाले, खोटं आहे, परत लिहा. बाबांनी परत तेच लिहिलं. एकोणीस वेळा लिहिलं, आयी."

ती हाक तिच्या तोंडून सवयीने गेली. तिने ओठ मिटले आणि मग पुढे बोलली.

"विसाव्या वेळी आईची बातमी आलेली होती. त्या दिवशी त्यांनी उलटं लिहिलं. भारताचं बरोबर आहे, शेजारी आपल्याच भीतीने तिकडे गेले, मी चुकलो. आकडा आला चार. चार! सगळे खूश झाले. म्हणाले, बघा, आत्ता खरं बोललात. त्यांना घरी सोडलं, पण पहाऱ्यात."

"पण ते त्यांना वाटत नव्हतं..." हेमांगी म्हणाली.

"तेच मी विचारलं फोनवर. बाबा म्हणाले, आधी वाटत नव्हतं. पण लिहून झाल्यावर मी ते वाचलं, आणि मला कुठेच अडायला झालं नाही. म्हणाले, आता मला तसंच वाटतं. हेमांगीला सांग."

उपाहारगृहात ताटं-वाट्या वाजत होत्या. यिंगने कोटाच्या खिशातून काही काढलं नाही, कागद नाही, फोटो नाही. तिने फक्त तो निरोप जसाच्या तसा सांगितला, वडिलांच्याच सुरात, जरा थांबत थांबत.

"'तेहतीस वर्षं मी तुझ्याशी भांडलो. तुझंच बरोबर होतं. तू जिंकलीस.'"

हेमांगीने डोळे मिटले. मेइलानचा चेहरा, ते स्टूल ओढून खाटेशी बसणारे फान, सगळं एकदम अंगावर आलं. आणि या सगळ्याच्या मधूनच, तिने बोलावलेलं नसताना, थांबवायला जावं त्याच्या आत, तिला बरं वाटलं. एक क्षणभर, अगदी स्वच्छ, मनापासून बरं वाटलं.

तिने डोळे उघडले. यिंग तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होती.

"हं," यिंग म्हणाली. तिने खुर्ची मागे सरकवली, कोटाची बटणं लावली, आणि अर्ध्या तासातली तेरा मिनिटं शिल्लक असताना ती कामावर परत गेली.